म्हणजे कुठले?

पुण्यात आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : 'म्हणजे कुठले?' मला हा प्रश्न आयुष्यभर आवडत आला. मी आडनाव सांगते, समोरची बाई 'म्हणजे कुठले, वाईचे का?' म्हणते, मी 'नाही हो, मूळचे गुहागरकडचे' म्हणते आणि तिसऱ्या मिनिटाला आमची एखादी आत्या सामाईक निघते. मग चहा होतो.

तीस वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवलं. एम-वन, एम-टू आणि मुलांचा कर्दनकाळ एम-थ्री. मुलांना काय आलं ते त्यांच्या मार्कशीटवर आहे. मला जे उशिरा आलं ते इथे मांडते. क्रम शिकले तसा नाही, आठवलं तसा.

१. प्रश्न एक, मापं दोन

आमच्या स्टाफरूममध्ये एक नवे सर रुजू झाले. एम.टेक.ला पहिले आलेले. आडनाव असं, की मराठ्यांतही सापडतं आणि दलितांतही. एका ज्येष्ठ सरांनी हसतमुखाने सुरुवात केली. 'म्हणजे कुठले?' 'साताऱ्याचा.' 'साताऱ्यात कुठे?' 'कोरेगाव तालुका.' 'अरे वा! गाव कुठलं?' गाव सांगून झालं. 'गावात घर कुठं म्हणायचं? देवळाच्या बाजूला की...?'

माझ्यासाठीचा प्रश्न गावापाशी थांबतो. त्यांच्यासाठीचा वेशीपर्यंत चालत गेला आणि वेशीबाहेर डोकावून आला. सरांनी शांतपणे काय ते सांगून टाकलं. 'असं होय,' म्हणून ज्येष्ठ सर पेपर वाचायला लागले. माझ्या डब्यात त्या दिवशी भेंडीची भाजी होती हे लख्ख आठवतं, कारण मी डब्यातून मान वर काढलीच नाही.

२०२०च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला आहे, हे पाटी बदलली तरी सगळ्यांना पाठ असतं.

२. आपली ती ओळख, दुसऱ्याचा तो वशिला

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी माझी गोष्ट सांगायचे. वडील शाळामास्तर, वाड्यातल्या दोन खोल्या, सहा माणसं, एक साठचा दिवा. त्यातून शिकले, तुम्हीही शिकाल. सगळं खरं होतं. मुलंही डोळे मोठे करून ऐकायची.

फिजिक्सच्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीने ती गोष्ट दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा विचारलं, 'भूमिती अडली की कुणाकडे जायचीस?' जिन्याखालच्या खोलीत निवृत्त प्राध्यापक राहत होते, त्यांच्याकडे. फुकट शिकवायचे, वर लिमलेटची गोळी. 'कॉलेज किती लांब?' चालत बारा मिनिटं. 'नोकरी कशी लागली?' मुलाखतीतून, अर्थात. फक्त मंडळातले एक सर म्हणाले होते, 'तुझ्या वडिलांनी आमच्या धाकट्याला शिकवलंय बरं का.' मग सगळे हसले, मीही हसले आणि माझ्या हातांचा घाम गेला.

मैत्रीण म्हणाली, 'माझ्या मुलाखतीत असं हसायला कुणी नव्हतं.' ती सोलापूरच्या गिरणी कामगाराची मुलगी. तिच्या घरात तिच्याआधी दहावी झालेलं कुणी नव्हतं. आम्ही गरीब होतो यात खोट नाही, पण आमची गरिबी पुस्तकांच्या शेजारी राहत होती.

त्यानंतर मी ती गोष्ट सांगायची बंद केली. दोन वर्षांनी पुन्हा सुरू केली, लिमलेटच्या गोळीसकट.

३. पॉलिशची डबी

हे सांगायला जीभ अजून अडखळते. ७ ऑगस्ट १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंग यांनी मंडल आयोगाची शिफारस लागू करत असल्याचं जाहीर केलं : केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना सत्तावीस टक्के. उत्तरेत भडका उडाला. महाराष्ट्रात तेवढा जोर नव्हता, पण आम्ही एम.एस्सी.चे दहा-बारा जण कॉलेजच्या फाटकाबाहेर बसलोच. दिल्लीच्या मुलांचे फोटो पेपरात पाहिले होते, म्हणून आम्हीही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांना पॉलिश करत होतो. 'आता आम्हाला हीच कामं!' असा फलक. माझ्या हातात चेरी ब्लॉसमची डबी.

दुसऱ्या दिवशी आईने चपलेचा अंगठा शिवून आणायला चौकात पाठवलं. तिथले काका मला लहानपणापासून ओळखायचे. आरीने दोरा ओढता ओढता वर न बघता म्हणाले, 'ताई, काल ब्रश उलटा धरला होता तुम्ही.'

दोन रुपये झाले. त्यांनी हात पुढे केला. मी पैसे त्यांच्या हातावर न ठेवता समोरच्या लाकडी पेटीवर ठेवले. असं का केलं, हे तेव्हा कळलं नव्हतं. घरात सगळे तसंच करत.

मंडलवर आजही वाद घालता येईल, घालावा. पण आम्ही वाद घालत नव्हतो. काकांचं रोजचं काम ही आमच्यावर ओढवलेली शिक्षा असल्याचं आम्ही भर रस्त्यात त्यांच्यासमोर जाहीर करत होतो.

४. यादी मोठ्याने वाचू नये

शिष्यवृत्तीच्या अर्जांचं काम एक वर्ष माझ्याकडे आलं. मुदत संपत आलेली, अकरा मुलांची कागदपत्रं अपुरी. मी तास संपवला, खडू ठेवला आणि भर वर्गात अकरा नावं वाचली : 'एवढ्या जणांनी थांबा, बाकीचे जा.'

हेतू चांगलाच होता. हेतूचं मी काय सांगू, माझे हेतू नेहमी चांगलेच असतात.

बाकीचे साठ जण बाहेर पडताना थांबलेल्यांकडे बघत गेले. बार्शीकडचा एक मुलगा तिसऱ्या बाकावर बसायचा, शंका विचारायचा. पुढच्या आठवड्यात तो शेवटच्या बाकावर गेला. प्रॅक्टिकलचा त्याचा पार्टनर बदलला आणि जर्नल उतरवायला मिळेना. सेमिस्टरच्या शेवटी त्याच यादीतली एक मुलगी केबिनमध्ये आली आणि दारातच उभं राहून म्हणाली, 'मॅडम, नुसते रोल नंबर नोटीस बोर्डावर लावले असते तरी आम्ही आलो असतो.'

मी 'सॉरी' म्हटलं, आणि मग पाच मिनिटं माझी बाजू समजावली. ती पोरगी उभ्याने ऐकत होती. माफी मागितल्यावर माणसाने गप्प बसावं, हा याच क्रमांकातला पोटधडा.

५. कागद

बार्शीकडचा तो मुलगा पुढे माझ्याकडे आला तो गणितासाठी नव्हे, व्हॅलिडिटीसाठी. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांनी समजावं की आपण माझ्याच आळीतले आहोत. जातीचा दाखला असून भागत नाही, तो पडताळणी समितीकडून वैध ठरवून आणावा लागतो. नाहीतर राखीव जागेवरचा प्रवेश टांगणीला. त्यासाठी जुना पुरावा हवा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा. या तीन तारखा लाखो घरांत जन्मतारखेसारख्या पाठ असतात. माझं वय पन्नाशीला टेकेपर्यंत मी त्या ऐकल्या नव्हत्या.

मुलगा विमुक्त जमातीतला. आजोबांच्या शाळेचा दाखला आण, असं त्याला सांगण्यात आलं होतं. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. ज्यांना शाळेने घेतलं नाही, त्यांच्याकडेच शाळेचा कागद मागायचा! रहिवासाचा पुरावा म्हणावा, तर पालं घेऊन फिरणाऱ्यांची घरपट्टी कुठून येणार? 'आजोबांचं नाव लिहायचे मॅडम,' तो म्हणाला, 'पण पोलीस चौकीत. रोज हजेरी असायची.' १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच माणसांना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा देशभरातून रद्द व्हायला स्वतंत्र भारतातही १९५२ उजाडलं. शाळेच्या पटावर नाव नाही, चौकीच्या वहीत आहे.

माझ्या आडनावाचा एक फायदा मी इथे पहिल्यांदा जाणूनबुजून वापरला. माझा मामा मोडी वाचतो. आमच्याकडे अशी माणसं असतात. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पायऱ्या झिजवलेली, पेशवेकाळाबद्दल तासभर बोलणारी आणि वर्तमानाबद्दल पाच मिनिटंही न बोलणारी. मुलाने तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून कोतवाल बुकाची पानं बघायला मिळवली होती. गावातल्या जन्म-मृत्यूची ती जुनी नोंदवही. पण सगळं मोडीत. रेघेला टांगलेल्या त्या सलग अक्षरांतून त्याला एक शब्द लागेना. त्याने फोनवर काढलेले फोटो मामाने लॅपटॉपवर मोठे करून दोन दुपारी वाचले. दुसऱ्या दुपारी साडेतीनला बोट ठेवलं : मुलाच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचा जन्म. बापाचं नाव, पुढे जात. 'हे बघ,' मामा म्हणाला, 'काय सुबक वळण आहे कारकुनाचं!' मुलगा वळण बघत नव्हता. जातीच्या त्या शब्दावर त्याचं बोट थरथरत होतं. ज्या शब्दापायी आजोबांना रोज हजेरी द्यावी लागली, तोच सापडला म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी.

रीतसर नक्कल तहसिलीतून, लिप्यंतर अधिकृत वाचकाकडून, पुढे दक्षता पथकाची चौकशी, हे सगळं त्याचं त्यानेच केलं. आमचा वाटा दोन दुपारींचा. मामाने मात्र त्यानंतर इतरही मुलांची पानं वाचून दिली आणि पेशव्यांवर बोलायचं जरा कमी केलं. जरा.

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही जात लिहिलेली आहे. ती खरी आहे का, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. २०१९मध्ये आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के आरक्षण आलं, तेव्हा भाच्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात दोन हेलपाटे पडले. 'काय हा मनस्ताप!' अशी घरात आठवडाभर चर्चा होती. मला बार्शी आठवत होती. बोलले मात्र तिसऱ्या दिवशी.

६. 'पानी'

तोंडी परीक्षेला आलेले एक बाहेरचे परीक्षक एका मुलाच्या 'पानी'ला आणि 'न्हाई'ला हसले आणि पंचवीसपैकी बारा देऊन मोकळे झाले. उत्तरं बरोबर होती, मी शेजारीच बसले होते. यावेळी मात्र डब्यात मान घातली नाही. 'सर, उत्तर काय चुकलं?' एवढंच विचारलं. ते गडबडले. बाराचे एकोणीस झाले. एका प्रश्नाचे सात मार्क. तोच प्रश्न त्या मुलाने विचारला असता तर बाराचे आठ झाले असते.

७. 'आपल्यात चालतील ना?'

कोथरूडला आमचा एक छोटा फ्लॅट आहे. भाड्याने द्यायचा होता. एजंटचा फोन आला. 'मॅडम, पार्टी एकदम चांगली. दोघंही आयटीत. भाडं, डिपॉझिट, काही घासाघीस नाही.' मग आवाज खाली. 'फक्त ते... म्हणजे... आपल्यात चालतील ना?'

मी त्याला कधीही काही अट घातली नव्हती. आडनावावरूनच त्याने ती गृहीत धरली आणि माझ्या वतीने पाळायलाही सुरुवात केली होती. मी विचारलं, 'याआधी किती जणांना परस्पर नाही म्हणालात?' तो म्हणाला, 'दोन पार्ट्या. तुम्हाला त्रास कशाला.' म्हणजे गेले दोन महिने माझ्या दारावरून दोन कुटुंबं माघारी गेली आणि मी घरात वर्तमानपत्रात समतेवरचे लेख वाचत होते. वाईट न वागताही आपल्या नावाने वाईट होत राहतं, आणि ते थांबवायला नुसतं चांगलं असणं पुरत नाही, फोन करून तसं सांगावं लागतं. 'यापुढे हा प्रश्न कुणालाच विचारायचा नाही' हे मी त्याला सांगितलं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकलं. ग्रुपवर दोन अंगठे आले आणि एक 'सुप्रभात'.

फ्लॅट त्याच जोडप्याला दिला. दुसऱ्या दिवशी फिजिक्सवाल्या मैत्रिणीला मी हे सगळं जरा रंगवून सांगितलं. ती पोळीचा घास मोडत म्हणाली, 'भाडं पूर्ण घेतलंस ना?' हो. 'डिपॉझिटही?' हो. 'मग यात उपकार कुठे बसला? व्यवहार केलास.' आणि लोणचं पुढे सरकवलं.

८. भाषण नको, किल्ली

कॉलेजात १४ एप्रिल साजरा करायचं मुलांनी ठरवलं. सांस्कृतिक मंडळाची प्रभारी मी. उत्साहात म्हटलं, मी बोलते, 'सवर्णांची जबाबदारी' या विषयावर. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक जण म्हणाला, 'मॅडम, वक्ते ठरलेत. आम्हाला हॉल मिळत नाहीये. तुमची सही झाली की किल्ली मिळेल.'

पाणउतारा वाटला, खोटं कशाला बोलू. सही केली. कार्यक्रमाला पाचव्या रांगेत बसले.

पुढे एकदा महाडला थांबले. रायगडला पाच वेळा गेले होते आणि पाचही वेळा महाडमधून गाडी सरळ पाचाडकडे पळाली होती. सहाव्यांदा चवदार तळ्याशी उतरले. २० मार्च १९२७ची, बाबासाहेबांनी इथे केलेल्या पाण्याच्या सत्याग्रहाची गोष्ट शाळेत एका ओळीत शिकलेली. आजूबाजूची माणसं मात्र मी नंतर वाचली. महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबरातल्या परिषदेच्या मांडवाला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच मांडवात २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. म्हणजे माझ्याच आळीतलं आडनाव! शाळेत पेशव्यांच्या सनावळ्या घोकल्या, हे नाव कुणी सांगितलं नाही. ब्राह्मणांना बाजूला ठेवाल तरच पाठिंबा देऊ, अशी अट ब्राह्मणेतर नेत्यांनी घातली होती, ती बाबासाहेबांनी मानली नाही. विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण माणसाला नाही, ही त्यांची भूमिका.

आमच्याकडचे लोक ही शेवटची गोष्ट फार आवडीने सांगतात. टाळी वाजवून तिथेच थांबतात. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला मार्च १९३७ उजाडला. ती दहा वर्षं कुणी कोर्टाच्या तारखा मोजल्या, हे मांडवातल्या दोन आडनावांनी झाकू नये. मला त्यात भावतात ते फत्तेखान. त्यांचं एखादं भाषण माझ्या वाचनात आलेलं नाही. त्यांनी जागा दिली.

९. अजूनही

मागच्या महिन्यात वायफाय बंद पडलं. दुरुस्तीला एक तरुण आला. चुणचुणीत, कामाला पक्का. मी नाव विचारलं, त्याने आडनावासकट सांगितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'म्हणजे कुठले?'

तीस वर्षं, आठ धडे, आणि जीभ आपली तिथेच.

तो राउटरच्या मागे वायर खुपसत होता. 'वारज्याचा,' म्हणाला. मग वळून माझ्याकडे बघितलं, जरासं हसला. 'बाकीचं पण सांगू का, मॅडम?'

'नको,' मी म्हटलं, 'पासवर्ड सांगा.'